प्रत्यारोपित किडनीचा रक्तपुरवठा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला ठेवतात आणि तिची धमनी व शीर पायाकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुन्या किडन्या सहसा आत तशाच राहतात. बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात.

‘पिशवीत लघवी जमतेय, म्हणजे नवी किडनी चालू आहे’ हा त्यांतला सर्वांत घातक समज. पिशवीतली लघवी जुन्या किडन्यांचीही असू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला दिवसाला किती लघवी होत होती याची नोंद लागते आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले एक-दोन दिवस ती दर तासाला मोजतात. आधी भरपूर होणारी लघवी एकाएकी थांबली, तर तो धोक्याचा इशारा असतो.

उलट, सुरुवातीला लघवी झाली नाही म्हणजे किडनी वाया गेली, असेही नाही. मराठवाड्यात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत होते. त्यामुळे नांदेडला दान झालेली किडनी दुसऱ्या शहरातल्या रुग्णाला मिळाली, तर तिथे पोहोचेपर्यंत ती काही तास बर्फात राहते. अशी किडनी कधी कधी उशिरा जागी होते. तोवर डायलिसिस लागते. कधी लघवीच्या नळीतच रक्ताची गुठळी अडकलेली असते. कारण कोणते, हे अंदाजाने ठरवता येत नाही. नळी तपासून लगेच डॉप्लर सोनोग्राफी करतात. रक्त आत जाते की नाही आणि बाहेर पडते की नाही, हे तीत दिसते.

‘रक्त बंद झाले तर दुखेलच’ हेही खरे नाही. प्रत्यारोपणात किडनीचे मज्जातंतू तुटलेले असतात. धमनीत गुठळी झाली, तर लघवी थांबणे हेच अनेकदा एकमेव लक्षण असते. शीर बंद झाली, तर मात्र किडनी सुजते, त्या जागी दुखते, लघवीतून रक्त जाते. धमनी किंवा शीर अशी बंद होणे क्वचितच घडते, पण घडले तर बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच. या किडनीला रक्ताची दुसरी वाट नसते आणि शरीराच्या उष्णतेत ती रक्ताविना तासभरही जेमतेम तग धरते. त्यामुळे पुन्हा पोट उघडण्याचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. तरीही पुष्कळदा किडनी वाचत नाही.

किडनीचे काम दाखवणाऱ्या, रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबणे इथे पुरेसे नाही, कारण ते मागाहून वाढते. सकाळचा डॉप्लर चांगला आला, तरी तो त्या क्षणापुरताच. संध्याकाळी लघवी थांबली तर तो पुन्हा करावा लागतो.

घरी गेल्यावर धोका संपतो, हाही गैरसमजच. काही महिन्यांनी धमनी जोडाजवळ अरुंद होऊ शकते. औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, क्रिएटिनिन चढू लागते. फुग्याने किंवा स्टेंट घालून ती बहुधा रुंद करता येते. मुदखेडसारख्या, प्रत्यारोपण केंद्रापासून दूरच्या गावातल्या रुग्णाने म्हणूनच रक्तदाब आणि लघवीची रोज नोंद ठेवावी. लघवी अचानक घटली, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री केंद्राला फोन करावा.