कमानी, खड्डे आणि रोल्स-रॉइस

गाडी मुसाखमध्ये नेली की मेकॅनिक कधीतरी सांगतो, "बोल्मे झाअझुईम बदलावे लागतील." आपण पैसे मोजतो आणि घरी येतो. हा भाग नेमके कोणते काम करतो, आणि तो नव्हता तेव्हा लोक काय करीत, हे आज आम्ही एका जुन्या उंची मोटारीच्या आधारे सांगणार आहोत. ही मोटार आपल्या जन्मभूमीतही धावली आणि एलातच्या पलीकडच्या वाळवंटातही धावली.

रोल्स-रॉइस कंपनीची 'फॉर्टी-फिफ्टी' मोटार 1906 साली लोकांसमोर आली. पुढे ती 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी ज्यांनी टांग्याचा प्रवास केला असेल, त्यांना टांग्याखालची कमान आठवत असेल. या मोटारीखालीही त्याच जातीच्या कमानी होत्या. लहानमोठ्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून मध्ये घट्ट आवळलेल्या असत. चाक खड्ड्यात गेले की पट्ट्या वाकतात आणि एकमेकींवर घासतात. वाकण्याने धक्का मऊ होतो. घासण्याने कमानीचे वरखाली नाचणे लवकर थांबते. त्या वेळचे टायर अरुंद आणि दगडासारखे कडक फुगवलेले असत, म्हणून धक्का सोसण्याचे जवळजवळ सगळे काम कमानीलाच करावे लागे.

1908 साली मुंबई ते कोल्हापूर मोटारींची परीक्षा झाली. सह्याद्रीचे घाट चढून उतरून 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस तीत विजयी झाली आणि नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. त्या काळचे आपले रस्ते म्हणजे खडी, मुरूम, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि पूल नसलेले ओढे. इंग्लंडच्या रस्त्यासाठी बांधलेल्या गाडीला इथे तीन अडचणी येत. मऊ कमान खोल खड्ड्यात पुरती दबे आणि चाकाची आस वरच्या सांगाड्यावर आदळे. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासे. आणि धूळ पट्ट्यांमध्ये शिरून कमान आखडे.

मग कमान सरळ कडक का करू नये? एखादी पट्टी वाढवली की कमान जास्त ओझे पेलते हे खरे. पण भरलेली गाडी नीट चालली, तरी रिकामी गाडी दगडावरून उड्या मारते. गाडी उंच केली तर पोट घासत नाही, परंतु वळणावर ती जास्त कलते. म्हणजे एक दुखणे बरे करताना दुसरे वाढते. इंग्रज कारखानदार परदेशासाठी 'कलोनियल' नावाच्या गाड्या बनवीत. त्यांत जमिनीपासूनची उंची वाढवलेली असे. धुळीवर उपाय म्हणून पट्ट्यांना ग्रीस लावून वरून चामड्याचे वेष्टण शिवत.

आणखी एक गोष्ट. कमान पुष्कळदा दबताना तुटत नाही, उसळताना तुटते. दबताना सर्व पट्ट्या मिळून भार घेतात. उसळी येते तेव्हा मात्र सगळा ताण वरच्या लांब पट्टीवर पडतो. म्हणून पट्ट्यांना ठिकठिकाणी लोखंडी पकडी घालीत, म्हणजे उसळीचा ताणही वाटला जाई. शिवाय घासणाऱ्या चकत्यांचे धक्काशोषक निघाले. बोल्ट आवळला की ते घट्ट होत. आजच्या बोल्मे झाअझुईमचे ते पूर्वज. त्यांत आता चकत्यांऐवजी तेल काम करते.

रोल्स-रॉइसनेही मागची कमान बदलत नेली आणि 1912 च्या सुमारास नवी पद्धत आणली. कमान मध्यावर तराजूच्या दांडीसारखी टेकवलेली, पुढचे टोक सांगाड्याला आणि मागचे आसेला जोडलेले. त्यामुळे चाकाला वरखाली हलायला अधिक वाव मिळाला, आणि कमानीचे बरेचसे वजन चाकाऐवजी सांगाड्यावर गेले. हलके चाक रस्ता लवकर धरते.

पहिल्या महायुद्धात याच मोटारींवर चिलखत चढवले. कमानी मजबूत केल्या आणि मागे जोडचाके लावली. अशा काही गाड्या अकाबामार्गे लॉरेन्सबरोबर वाळवंटात गेल्या. 1918 च्या सप्टेंबरात, दराआजवळ शत्रूच्या मुलुखात, एका बिनचिलखती रोल्स-रॉइसचा कमान धरणारा लोखंडी आधार तुटला. तिथे कारखाना कुठला! गाडी सोडून पायी निघणे म्हणजे पकडले जाणे किंवा मरणे. लॉरेन्स लिहितो की त्यांनी लाकडाचे तुकडे खाली बसवून टेलिग्राफच्या तारेने आवळले. तशीच ती गाडी तीन आठवडे चालून दमास्कसला पोहोचली.

यातून आपल्या वयाच्या वाचकांनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. बसच्या मागच्या चाकांच्याही मागे बसले, की कमानीची प्रत्येक उसळी कंबरेपर्यंत पोहोचते, कारण शेपटीकडचा भाग सर्वांत जास्त वरखाली होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये जागा मिळाली तर तिथेच बसावे. तिथे कोणी तरुण बसला असेल, तर विनंती करण्यास संकोच करू नये.