सांडपाणी नालीत नको, वाडीत वळवा. टेंभुर्णीला जमले, आपल्यालाही जमेल

गोंदिया : न्हाणीचे, भांडे घासल्याचे पाणी नालीत सोडले की आपण मोकळे झालो, असे वाटते. पण ते पाणी जाते कुठे? नाली तुंबली तर रस्त्यावर, नाही तर सरळ बोडीत. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि आपला जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. म्हणून हा प्रश्न फक्त साफसफाईचा नाही.

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा निकष आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आले, तर त्यातले साधारण १८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते. २०० घरांच्या गावात हेच रोजचे ३६ हजार लिटर होते.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) गावाने हे पाणी घराजवळच जिरवले. घरोघरी शोषखड्डे झाले, डास हटले. पुढे हीच पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली.

खड्डा कसा करायचा?

साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा खोदायचा. मधोमध सिमेंटची टाकी ठेवायची. टाकीला वरच्या बाजूने चार छिद्रे पाडायची. भोवती दगड-विटांचे तुकडे भरायचे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचे पाणी छिद्रांतून दगडांत जाऊन जमिनीत मुरते. वरून झाकण पक्के बसवायचे. गाळ वेळोवेळी काढावा लागतो, नाही तर खड्डा तुंबतो.

आपल्याकडे दोन गोष्टी पाहाव्या लागतील. कन्हार जमिनीत पाणी हळू मुरते. पावसाळ्यात जिथे जमिनीखालचे पाणी खूप वर येते, तिथे खड्डा कामाचा नाही. अशा ठिकाणी पाणी पाईपने वाडीतल्या केळी, पपई, नारळाला द्यावे. साबणाचे पाणी रोज एकाच झाडाला नको, आळीपाळीने द्या. कच्च्या खायच्या भाजीला मुळीच नको. संडासाचे पाणी यात मिसळू नका, आणि खड्डा विहीर-बोअरवेलपासून दूरच ठेवा.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांचा निकष ठेवला गेला. शोषखड्ड्याचे काम रोजगार हमीतूनही झाले आहे. येत्या ग्रामसभेत नवीन नालीची मागणी करण्याआधी ग्रामसेवकाला एवढेच विचारा : आराखड्यात शोषखड्डे किती धरले?