तीनच का, शून्य का नाही?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या वाडीवस्तीवर आशाताई घरोघर फिरते तेव्हा तिच्या पिशवीत एक मोजपट्टी आणि एक छापील तक्ता असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरून घ्यायचा. विडी, तंबाखू, मिश्री? दारू रोज? कंबर किती? बाईची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर भरली की गुण वाढतात. आठवड्याला निदान १५० मिनिटं शरीराला मेहनत होते का? घरात कुणाला बीपी, शुगर? बेरीज चारच्या पुढे गेली की त्या माणसाला तपासणीसाठी उपकेंद्रात आधी पाठवायचं.

तक्ता चांगलाच आहे. फक्त तो भरून झाल्यावर समोरच्याशी काय बोलायचं, ते त्यात छापलेलं नाही. मग बहुतेक वेळा ठरलेलं वाक्य येतं, ‘मिश्री सोडा, मीठ कमी करा, रोज चाला.’ ऐकणारी बाई मान डोलावते आणि आशाताई पुढच्या घरी जाते. त्या डोलावलेल्या मानेचं पुढे काय होतं, याचा अभ्यास आरोग्य मानसशास्त्रात गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. आपल्या आरोग्य कार्यक्रमांत औषधांना, यंत्रांना, अ‍ॅपला जागा आहे. या शास्त्राला मात्र अजून ओट्यावरसुद्धा बसवलेलं नाही.

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयीच्या पुस्तिका वाचायला दिल्या. काहींच्या पुस्तिकेत अंगावर काटा आणणारी वर्णनं आणि छायाचित्रं होती, काहींची साधी होती. भेदरलेले विद्यार्थी ‘लस घ्यायलाच हवी’ असं ठामपणे म्हणाले. प्रत्यक्षात नुसती पुस्तिका वाचून लस घेतली ती तीनेक टक्क्यांनी. काहींच्या पुस्तिकेला मात्र एक जोड होती. आरोग्य केंद्र दाखवणारा नकाशा, लस देण्याच्या वेळा आणि ‘तुमच्या आठवड्यात कधी जाता येईल ते ठरवा’ अशी सूचना. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. हे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, केंद्र कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतंच. माहितीत भर काहीच पडली नव्हती, जाण्याची वेळ तेवढी ठरली होती. भीती किती मोठी, याने लस घेणाऱ्यांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. पण ज्यांना धोक्याविषयी काहीच वाचायला दिलं नव्हतं, त्यांना नुसता नकाशा देऊनही ते गेले नाहीत. थोडी काळजी लागते, पण तेवढ्याने पाऊल उचललं जात नाही.

आपल्याकडे तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग २०१६ पासून भयंकर चित्रांनी व्यापलेला आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या २०१६-१७ च्या फेरीत, धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सांगितलं की चित्र पाहून सोडण्याचा विचार मनात आला. म्हणजे चित्रांनी आपलं काम केलं. अडलं ते विचारापासून कृतीपर्यंतच्या पल्ल्यात. वेब आणि शीरन या संशोधकांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, त्यातही हेच दिसलं. निश्चय बराच पक्का केला तरी वागण्यात उतरतो तो थोडाच.

महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणाप्रमाणे ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाणारे-लावणारे २४.४ टक्के. यातल्या ‘लावणाऱ्या’ म्हणजे मुख्यतः बायका. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. घासून झाली तरी लगेच चूळ भरायची नाही, तोंडात धरून ठेवायची. दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण घरच्या तव्यावरच्या मिश्रीला कुठला कायदा लागणार? आणि ती लावणाऱ्या बाईला आपण ‘तंबाखू खातो’ असं वाटतही नाही. दात साफ होतात, दुखरी दाढ शांत होते, मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, असं ती सांगते. यातलं शेवटचं अगदी खोटं म्हणता येत नाही, कारण निकोटिन आतड्यांना चालना देतंच. तेव्हा तिला अडाणी ठरवून सुरुवात केली की संभाषण तिथेच संपलं.

विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसाठी मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिकबरोबर वाढवलेली बोलण्याची एक पद्धत इथे कामाला येते. तिचा गाभा असा की सोडण्याची कारणं सल्ला देणाऱ्याने सांगायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. वाडीवर तसं बोलणं साधारण असं होईल:

“मावशी, मिश्री सोडावी असं किती वाटतं? दहापैकी सांगा. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे आजच.”

“असंल तीन.”

“तीनच का, शून्य का नाही?”

“आता... नात जवळ येत नाय. तोंडाला वास येतो म्हणते. आन् ही खालची हिरडी सारखी सुजते.”

गंमत या उलट्या प्रश्नात आहे. ‘दहा का नाही?’ असं विचारलं असतं तर मावशींनी मिश्रीची बाजू लढवली असती. ‘शून्य का नाही?’ विचारल्यावर त्या स्वतःच मिश्रीविरुद्ध बोलू लागतात, आणि माणसाला दुसऱ्याच्या उपदेशापेक्षा स्वतःचं बोलणं अधिक पटतं. त्यानंतर आशाताईने नातीचा आणि हिरडीचा धागा धरायचा, कॅन्सरची चित्रं काढायची नाहीत.

पुढची पायरी पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाची. ‘मी मिश्री कमी करीन’ हा नुसता संकल्प झाला. ‘सकाळी चुलीवर चहाचं आधण ठेवलं की डबीकडे हात न नेता कडुनिंबाची काडी घेईन’ ही आखणी झाली. आधी प्रसंग, मग कृती. जर हे, तर ते. गोलवित्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा जर-तरच्या आखणीचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. इतक्या बिनखर्ची उपायासाठी हे विशेषच. अशी आखणी लागू पडण्याचं कारण असं की सवय प्रसंगाला चिकटलेली असते. चूल पेटली, जेवण झालं, डोकं ठणकलं, चार जणी ओटीवर जमल्या, की हात आपोआप डबीकडे जातो. त्या क्षणी विचार करायला मन जागेवर नसतं, म्हणून विचार आधीच करून प्रसंगाला बांधून ठेवायचा. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. हेही आधी सांगायला हवं, आणि त्यासाठीही एक ‘तर’ ठरवायला हवा. फोनवर बोलायला चालणार असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

हे काम मानसोपचारतज्ज्ञच करू शकतात असा समज असेल तर शेजारच्या गोव्याकडे पाहावं. तिथे ‘संगथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, याच कामासाठी शिकवून तयार केलेले स्थानिक लोक. जास्तीत जास्त चार भेटी. पिण्याने आयुष्यात नेमकं काय बिघडतंय ते त्या माणसाबरोबर तपासायचं, आग्रह झाला तर नाही कसं म्हणायचं याचा सराव करायचा, तलफ आली तर काय करायचं ते ठरवायचं. तीन महिन्यांनी या गटातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं घातक पातळीखाली आलं होतं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. जादू नव्हे, पण चार गप्पांच्या मानाने ही कमाई मोठी आहे. गोव्याच्या आरोग्य केंद्रात जे जमतं ते कर्जतच्या किंवा खोपोलीच्या केंद्रात न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

आता एका दंतकथेची वासलात लावू. ‘२१ दिवसांत नवी सवय’ हे वाक्य मोबाइलवर रोज कुणीतरी पाठवतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवसही लागतील. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून हात टेकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

श्रावणाकडे या नजरेने पाहिलं तर मौज वाटते. गटारीपर्यंत यथेच्छ चालतं आणि दुसऱ्या दिवसापासून कितीतरी घरांत मटण, मासळी, दारू बंद. ज्याला डॉक्टरने दहा वेळा सांगून जमलं नाही, त्याला तिथीने सांगितलेलं जमतं. सुरुवातीचा दिवस पक्का, नियम स्वच्छ, घरात पदार्थच शिजत नाही आणि शेजारीही तेच करतोय. मानसशास्त्रज्ञ ज्या गोष्टी जुळवून आणायला धडपडतात, त्या सगळ्या इथे आयत्या जुळतात. फक्त श्रावणाला शेवटची तारीख आहे, त्यामुळे सवयही तारखेला परत येते.

माळेला शेवटची तारीख नाही. तुळशीची माळ घातलेल्याला कुणी ग्लास पुढे करत नाही. ‘मी दारू सोडतोय’ म्हणणाऱ्याला रोज नव्याने लढावं लागतं, ‘मी माळकरी’ म्हणणाऱ्याचा प्रश्नच मिटतो, कारण तिथे ओळख बदललेली असते. रायगडच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्री बैठकीचीही ताकद माझ्या मते इथेच आहे. ठरल्या वारी जमणं, निरूपण ऐकणं, ओळखीच्या माणसांच्या नजरेत राहणं. पण एक खोच आहे. कितीतरी माळकऱ्यांच्या कनवटीला तंबाखूची चंची असतेच, कारण दारू-मांसाइतक्या सक्तीने तंबाखू नियमात कुणी धरलेली नाही. ज्याचं नाव घेऊन बंदी नाही, ते ओळखीत येत नाही.

केरळमध्ये मधुमेहाचा धोका असलेल्या १००७ लोकांवर, शेजाऱ्यांचे गट करून असाच प्रयोग झाला. दोन वर्षांत दारू कमी झाली, फळं-भाज्या वाढल्या, पण मधुमेह होणाऱ्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. उलट चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात धोक्याच्या पातळीवरच्या ५३१ जणांपैकी नुसता सल्ला मिळालेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाचा सातत्याने पाठपुरावा झालेल्यांत ३९ टक्क्यांना. तेव्हा गट जमवला की झालं, असंही नाही.

सगळं ओझं माणसाच्या मनावर टाकण्यात एक धोका आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन मिची यांनी २०११ मध्ये मांडलेल्या सूत्रात वागणूक बदलायला तीन गोष्टी लागतात, क्षमता, संधी आणि प्रेरणा. आपण सारखे प्रेरणेच्या मागे लागतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे म्हणून तिथला माणूस चालतो, त्याची इच्छाशक्ती नेरळकरापेक्षा मोठी आहे असं थोडंच आहे! कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन चारेक तास लोकलमध्ये काढणाऱ्याला ‘सकाळी पाऊण तास फिरा’ सांगणं ही थट्टा आहे. त्याच्यासाठी ‘गाडीतून उतरलो की रिक्षा स्टँडकडे न वळता घरापर्यंत चालेन’ ही आखणी खरी, तीसुद्धा चालण्याजोगा, दिवे असलेला रस्ता असेल तरच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं, म्हणजे पाठपुराव्याचे सहा-सात महिने असेच जातात. शिवाय भुकेवर मारा म्हणून जी तंबाखू मळली जाते, तिला बडीशेपेचा पर्याय सुचवणाऱ्याने आधी त्या घरातलं भाताचं भांडं पाहावं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसलं आहे की आईच्या पोटातल्या कुपोषणातूनच पुढच्या मधुमेहाचा पाया घातला जातो. त्या माणसाला ‘तुमच्या सवयी वाईट’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे.

तरीही उद्यापासून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि ती स्वस्त आहे. हा तपासणी कार्यक्रम आखताना आशाताईला एक तक्ता भरण्याचे १० रुपये ठरवले गेले. आजार निघालेल्यांच्या पाठपुराव्याला वेगळा मोबदला आहे. पण ज्याला अजून काही झालेलं नाही, त्याच्याशी बसून ‘तीनच का, शून्य का नाही?’ विचारण्याला दर नाही आणि तसं बोलण्याचं पुरेसं प्रशिक्षणही नाही. जिल्हा परिषदेने कर्जत-खालापूरच्या दोन-चार उपकेंद्रांत हे बोलणं शिकवून, त्याचा मोबदला देऊन, वर्षभर आकडे मोजून पाहावेत.