मधुमेह आणि शेतकऱ्याचें ताट

मधुमेहाचें निदान झालें म्हणजे शेतकरी कुटुंबांत बहुधा दोन प्रकार दृष्टीस पडतात. कोणी चहांतील साखर सोडून गूळ घालूं लागतो व पथ्य पाळिलें असें मानतो. कोणी भयानें अन्नच तोडतो व महिन्याभरांत अशक्त होऊन पुन्हां जुन्या वळणावर जातो. दोन्ही मार्ग अहिताचे होत. कोणतें अन्न किती व कशाबरोबर घ्यावें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

अन्नांतील पिष्टमय भागाची पचनानंतर साखर होऊन ती रक्तांत उतरते. तेथून ती पेशींत पोंचविण्याचें काम इन्शुलिनच्या योगानें होतें. मधुमेहांत तें अपुरें पडतें किंवा त्याचा परिणाम नीट होत नाहीं, आणि साखर रक्तांत सांचते. ती वर्षानुवर्षें वाढलेली राहिल्यास डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा बिघडतात. शेतांत अनवाणी हिंडणाऱ्यास मग काटा मोडल्याचेंही भान राहत नाहीं.

आतां धान्यांचा हिशेब पाहूं. शंभर ग्रॅम तांदुळांत पिष्टमय भाग सुमारें ७८ ग्रॅम, ज्वारींत ७२, बाजरींत ६७, तर साबुदाण्यांत ८७ ग्रॅम असतो. ज्वारी-बाजरींत चोथा अधिक असल्यामुळें साखर कांहींशी सावकाश चढते, हा लाभ खरा. परंतु भात सोडून चार भाकरी खाल्ल्यास तो लाभ उरत नाहीं. गूळ व काकवी ह्या तर साखरेच्याच जाती होत. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही या दृष्टीनें हलकी समजूं नये.

यास्तव ताटाची वांटणी अशी करावी. अर्ध्या ताटांत मेथी, शेपू, दोडका, वांगीं, काकडी, मुळा अशा भाज्या व कोशिंबिरी असाव्या. चतुर्थांशांत घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, अंडें किंवा मासे असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र याचें प्रमाण डॉक्टरांस विचारावें. उरलेल्या चतुर्थांशांत भाकरी किंवा भात. बटाटा व रताळें हीं भाजींत न धरतां धान्याच्या वांट्यांत धरावीं. पेरूसारखें फळ रस न काढतां बेतानें खावें. आंब्याची फोड घेतल्यास तितकी भाकरी कमी करावी.

एक सावधगिरी अत्यंत अगत्याची आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें जेवण चुकवूं नये, व डॉक्टरांस विचारल्यावांचून एकादशी धरूं नये. उपाशी पोटीं कष्टाचें काम केल्यास साखर एकाएकीं उतरून कंप, घाम व भोवळ येते. अशा वेळीं तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम साखर पाण्यांतून द्यावी. पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हां द्यावी, आणि बरें वाटल्यावर जेवावयास घालावें. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत कांहींही न घालतां त्यास तात्काळ दवाखान्यांत न्यावें. शेतावर जातांना साखरेची पुडी जवळ बाळगावी, ती याचसाठीं.

रोग्याचा स्वयंपाक निराळा ठेवल्यास तो फार दिवस टिकत नाहीं. वर सांगितलेलें ताट घरांतील इतर मोठ्या माणसांसही हितकरच आहे. याकरितां सर्वांनीं एकच अन्न शिजवावें, भाकरी मोजून वाढावी आणि औषध आपल्या मतानें बंद करूं नये.