आधी ओल, मग रंग

घर बघायला आलेली मंडळी दारात चपला काढतात, ‘हवा छान आहे हं’ म्हणतात आणि मग कामाला लागतात. एक जण स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर बघतो. कुणी बाथरूममध्ये शिरून मान वर करतं आणि छतावर पिवळट डाग शोधतं. सोबत आलेले काका बेडरूमच्या त्या भिंतीपाशी थांबतात, जिच्या पलीकडे बाथरूम आहे, आणि तिच्यावर तळहात ठेवून उभे राहतात. मालकानं हौसेनं हॉलला लावलेल्या नव्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट रंगाचा वास ताजा असेल, तर काका जरा जास्तच वेळ उभे राहतात.

विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं घर ठाकठीक करताना बहुतेक मालक रंगाऱ्याला पहिला फोन करतात. आपल्याकडे तो शेवटचा असायला हवा. चार महिने पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात घराची परीक्षा पाण्यावर होते. ते नळाला किती जोरानं येतं, भिंतीत कुठून मुरतं आणि मोरीतून किती लवकर जातं, या तीन प्रश्नांची उत्तरं नीट असतील, तर फिकट झालेला रंग ग्राहक खपवून घेतो. ती नसतील, तर कितीही महाग रंग लावला तरी पैसे फुकट जातात.

पुण्याचं कोथरूड असो, डोंबिवली असो की बोरिवली, १९८०-९०च्या दशकांतल्या इमारतींत अनेक ठिकाणी अजून जुने जीआय पाइप आहेत. ते आतून गंजतात, गंजाचे थर साचून पोकळी अरुंद होते आणि टाकी भरलेली असूनही नळाला करंगळीएवढी धार येते. बाथरूमच्या फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं, की पाणी खालच्या कोब्यात उतरतं आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. बाथरूमच्या भिंतीच्या पाठीमागे पोपडे येतात, पांढरे क्षार फुलतात किंवा खालच्या मजल्यावरची मंडळी तक्रार घेऊन येतात.

ओल नेमकी कुठली, हे ओळखायच्या दोन साध्या चाचण्या आहेत. पहिलीत प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे आणि एक्झॉस्ट पंख्यानं काम भागेल. दुसरी चाचणी बाथरूमची. जाळीचं तोंड बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी दिवसभर तुंबवून ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटच्या छतावर लक्ष ठेवायचं. त्यासाठी खालच्यांशी बोलणं-चालणं असावं लागतं, ही तिची एकमेव अडचण.

मूळ सापडलं, की खर्च कुणाचा यावर वाद होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आहे. पावसाच्या पाण्यामुळे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं थांबवायची असते. संडास, बाथरूम, सिंक यांमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सदस्यांवर येतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या मालकानं घर विकायला काढण्यापूर्वीच सोसायटीला लेखी पत्र देऊन ठेवावं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन दिवसांत ठरत नाही. त्यासाठी कमिटीची बैठक, तीन कोटेशन आणि कोरडा हंगाम लागतो.

गळती थांबली म्हणजे भिंत लगेच कोरडी झाली असं होत नाही. फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढावा लागतो आणि भिंत उघडी ठेवावी लागते. जाडीच्या दर इंचाला साधारण महिनाभर, असा सुकण्याचा ढोबळ हिशेब आहे. घाई करून ओल्या भिंतीवर लांबी भरली आणि रंगाचे दोन हात मारले, तर आत अडकलेलं पाणी महिन्या-दोन महिन्यांत रंगासकट बाहेर येतं. तोवर बहुधा नवा मालक राहायला आलेला असतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा असला, तरी याबाबत त्याचं म्हणणं स्पष्ट आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. ओलीवर रंग फासणं म्हणजे त्या कलमाशी खेळणं.

आता रंगाऱ्याला बोलवायला हरकत नाही. रंगकामाचा अंदाज काढताना घराच्या कार्पेट क्षेत्रफळाला साडेतीननं गुणतात. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये भिंती आणि छत धरून साधारण २,१०० चौरस फूट रंगवायला निघतात. हा आकडा माहीत असला, की कंत्राटदाराच्या कोटेशनमधली फुगवटी लगेच दिसते. विकायच्या घराला पांढऱ्याकडे झुकणारी एकच छटा सगळीकडे पुरते. जांभळी ‘हायलाइट वॉल’ आणि मुलांच्या खोलीतली कार्टून एका कुटुंबाची आवड असते, दुसऱ्याला ती खोडण्याचा खर्च दिसतो. भाड्याच्या घरात मात्र स्वस्तात पडतं म्हणून ऑइल बाउंड डिस्टेंपर लावलं, तर बाळाच्या हातांचे आणि डोक्याच्या तेलाचे डाग पुसताना रंगही निघतो. धुता येणारं प्लास्टिक इमल्शन सुरुवातीला महाग असलं, तरी दोन भाडेकरूंच्या मध्ये ओल्या फडक्यावर निभावतं. बाथरूमलगतच्या भिंतींवर पीओपी टाळावं, कारण ते पाणी शोषतं.

यानंतरची कामं स्वस्त आणि पटकन होणारी असतात, आणि बघणाऱ्याच्या नजरेत तीच भरतात. गळका नळ, अर्धवट बसणारी कडी, पावसात फुगून घासणारं बाथरूमचं दार, ओट्यामागच्या टाइल्सवर चढलेला तेलाचा चिकट थर, सिंकखालच्या कपाटातला कुबट वास, रुळावरून घसरलेल्या ट्रॉल्या. कडप्प्याच्या ओट्याच्या जागी ग्रॅनाइट बसवायचा उत्साह इथे आवरावा. सांधे नव्यानं भरले आणि ओटा रगडून धुतला, तर बहुतेकांचं समाधान होतं. घेणारा स्वयंपाकघर आपल्या सोयीनं पुन्हा करणारच असतो.

परदेशी किंवा परगावी राहणाऱ्या मालकांच्या बंद घरांचं एक खास दुखणं आहे. मोरी आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं आणि तेच गटाराचा वास व झुरळं अडवून धरतं. घर महिनोन् महिने बंद राहिलं, की ते पाणी आटतं. मग दार उघडताच जो भपकारा येतो, त्यावर उदबत्तीचा उपाय चालत नाही. प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं आणि कमोडचा फ्लश ओढला, तर तासाभरात फरक पडतो. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे आहे, त्यांना पंधरवड्याला एवढं करायला सांगता येतं.

विजेचं काम दिसत नाही, पण विचारलं जातं. गीझर आणि एसीसाठी स्वतंत्र वायर व एमसीबी आहे का, आणि शॉक लागताच प्रवाह तोडणारं आरसीसीबी आहे का, हे हल्लीचे तरुण ग्राहक स्वतः बोर्ड उघडून पाहतात. दिव्यांचाही परिणाम मोठा. हॉलमध्ये एक दिवा पिवळा आणि दुसरा निळसर पांढरा असेल, तर त्याच भिंती मळकट वाटतात. सगळे दिवे एका छटेचे करायला फारसा खर्च येत नाही.

अमेरिकेत विकायचं घर भाड्याच्या फर्निचरनं सजवून दाखवायचा धंदाच आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७०च्या दशकात त्याला सुरुवात केली आणि नाटकाच्या नेपथ्यावरून त्याला ‘स्टेजिंग’ हे नाव पडलं. आपल्याकडे सोफा भाड्यानं आणायची गरज सहसा पडत नाही. गरज असते ती सामान कमी करायची. माळ्यावर पितळी हंडे, जुन्या गाद्या आणि टीव्हीचं रिकामं खोकं, बाल्कनीत सायकल आणि कुंड्या, बेडरूममध्ये दोन लोखंडी कपाटं, अशी भरलेली खोली असते त्यापेक्षा लहान वाटते. जाहिरातीचे फोटो काढण्यापूर्वी माळा रिकामा करावा, दोरीवरचे कपडे काढावेत आणि खिडक्यांच्या जाळ्या धुवाव्यात. फोटो सकाळच्या उजेडात, खोलीच्या कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवर मोबाइल धरून काढावेत. देवघर आवरून ठेवलं तरी पुरे, ते हलवायची गरज नसते.

तोडफोडीच्या मोहापासून मात्र लांब राहावं. हॉल मोठा दिसावा म्हणून बाल्कनी आत घेणं, मधली भिंत पाडणं, संडासाची जागा बदलणं या गोष्टी घेणाऱ्याला आवडल्या, तरी त्याच्या बँकेला आवडतीलच असं नाही. गृहकर्ज देण्यापूर्वी बँकेचा मूल्यांकनकार येतो आणि मंजूर नकाशाशी घर ताडून पाहतो. नकाशात नसलेली खोली त्याच्या लेखी मालमत्ता ठरत नाही, ती अडचण ठरते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीत तर सोसायटीचा संरचनात्मक तपासणी अहवालही मागितला जातो.

घराइतकीच फाइलही साफ करावी लागते. मूळ करारनामा आणि त्याआधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचा भाग दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची व वीजबिलाची शेवटची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र एका जागी असेल, तर व्यवहार आठवड्यांनी लवकर होतो. सोसायटी हस्तांतरणासाठी अधिमूल्य मागते, त्याची महाराष्ट्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यापलीकडे ‘स्वेच्छा देणगी’ची मागणी आली, तर ही मर्यादा दाखवता येते.

भाड्याच्या घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. तेवढ्या भाड्यात चाळीला रंग लावणं मालकाला परवडेना, आणि दुरुस्ती कुणी करायची हा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्या धसक्यानं कित्येकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवणं पसंत केलं. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुदत संपल्यावर लिव्ह अँड लायसन्सचं घर लवकर परत मिळवायची वाट त्यात आहे. अकरा महिन्यांच्या करारांचा आजचा बाजार त्या भरवशावर उभा आहे, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी घर नव्या माणसाला दाखवायची वेळ त्यामुळेच येते.

या कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती टाळली तर शिक्षेची तरतूद आहे. करारासोबत पंखे, दिवे, गीझर, ट्रॉल्या, किल्ल्या यांची यादी आणि भिंतींचे तारीख असलेले फोटो जोडले, तर डिपॉझिट परत करताना होणारी निम्मी भांडणं टळतात. वापरानं रंग फिका पडणं आणि भिंतीला भोक पाडून टीव्ही टांगणं यांतला फरक त्या फोटोंत दिसतो. रंगाचा खर्च कुणी सोसायचा, हे करारात एका ओळीत लिहिलेलं बरं.

हिशेबाची बाजूही आधी पाहावी. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च झालेला असो की लाखभर. त्यामुळे रंगाच्या बिलानं आयकर वेगळा वाचत नाही. विक्रीत मात्र नवं वॉटरप्रूफिंग, नव्या पाइपलाइनी अशा घराच्या मूळ सुधारणेवरचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येऊ शकतो. त्यासाठी पक्की बिलं जपून सीएला दाखवावीत. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्यानं दिल्यावर जाते, आणि सोसायटीही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-भोगवटा शुल्क लावू शकते. भाडं ठरवण्यापूर्वी हे दोन्ही आकडे कागदावर मांडलेले असावेत.

राहता राहिलं वेळापत्रक. विकायचं घर असेल, तर पावसाळ्यात गळती शोधून ठेवावी, कारण तेव्हाच ती खरी दिसते. पितृपक्षात ग्राहक तसेही फिरकत नाहीत, तेव्हा फरशांचे सांधे आणि पाइप यांची कामं उरकावीत. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती सुकतात. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव चढलेला असतो, म्हणून रंग दिवाळीनंतर काढावा आणि गुढीपाडव्यापर्यंत घर दाखवत राहावं. भाड्याच्या घराचा हंगाम शाळा-कॉलेजांबरोबर जूनमध्ये सुरू होतो, त्यासाठी एप्रिल-मे पुरतात. सोसायटीची परवानगी, ठोकाठोकीच्या ठरलेल्या वेळा, लिफ्टमधून सामान न्यायची सोय आणि राडारोडा कुठे टाकायचा याची चौकशी कामाच्या पहिल्या दिवसाआधी झालेली असली, की सुतार, प्लंबर आणि रंगारी यांना एकमेकांची वाट पाहत बसावं लागत नाही.