देणगी, कर्ज आणि हक्काचे पैसे

‘आमची घरं जागतिक बँकेनं बांधून दिली.’ किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की औसा-निलंगा भागात हे वाक्य अजूनही कानावर येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. जगभरातून मदत आली, हे खरंच. पण जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेनं १९९४ मध्ये या पुनर्वसनासाठी मंजूर केलेले सुमारे २४.६ कोटी डॉलर हे कर्ज होतं. व्याज जवळपास नाही, थोडं सेवाशुल्क, फेडीला काही दशकं, तरी कर्जच. ते सरकार फेडतं, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून फिटतं. त्या घरात राहणारी माणसं कुणाच्या उपकाराखाली नाहीत.

आज पूर आला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरू लागतात. कॅनडातला भाचा पैसे पाठवतो, पुण्यातली मुलगी शंभर-दोनशे रुपये टाकते, सरकार पॅकेज जाहीर करतं. या सगळ्याला आपण ‘मदत’ असं एकच नाव देतो, आणि त्यातून बरेच गैरसमज होतात.

‘सरकार कागद बघतं, माणूस माणसाकडे बघतो’

यातला पहिला भाग खरा आहे. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. तिथं घर किती मोठं मिळणार, हे सातबारा ठरवत होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५०. ज्याच्याकडे आधी जास्त होतं त्याला जास्त मिळालं. हा न्याय मला आजही पटत नाही. पण नियम लेखी होता, सगळ्यांना एकच होता, आणि त्याविरुद्ध भांडता येत होतं.

दुसरा भाग मात्र अर्धाच खरा. ऑनलाइन देणगीदार माणसाकडे बघतो, पण त्याला जो दाखवला जातो त्याच माणसाकडे. भूकंपात पूर्ण पडलेल्या गावांखेरीज दोन हजारांवर गावांत भिंतींना भेगा गेल्या होत्या. तिथल्या दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं ते सरकारी कार्यक्रमातून, हप्त्याहप्त्यानं घरमालकाला पैसे देऊन. गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमून त्यांच्याकडून लोकांना हे काम समजावून दिलं गेलं. भेग गेलेल्या भिंतीचा फोटो पाहून कुणी पाकीट उघडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं सर्पदंशावरचं प्रतिविष, लसीकरणाची शीतपेटी, अंगणवाडी सेविकेचं मानधन, यांचंही तसंच. ही कामं करातूनच चालतात, आणि तशीच चालली पाहिजेत.

शिवाय गोष्ट सांगता येणं हीच एक मालमत्ता आहे. आजारी मुलासाठी ऑनलाइन मोहीम उघडायची तर स्मार्टफोन हवा, रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद हवा, चार ओळी नीट लिहून देणारं कुणीतरी हवं, आणि ती लिंक पुढे पाठवणारे शंभर ओळखीचे हवेत. देवणी तालुक्यातल्या सालगड्याच्या घरी यातलं काय असतं? ज्याच्या पाठीशी आधीच माणसं आहेत, त्याच्याकडे पैसा लवकर पोचतो.

‘लोकांनी मनावर घेतलं तर सरकारची गरजच नाही’

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर हे वाक्य पुन्हा ऐकू आलं. हिशेब मांडून बघावा. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटी रुपयांचं होतं. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांच्या घरात आहे. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकानं हजार रुपये दिले, तरी रक्कम होते ५८० कोटी. पॅकेजच्या दोन टक्केही नाही. त्यात पूरग्रस्तांनीच पूरग्रस्तांना द्यायचे, हे वेगळंच.

जाहीर झालेलं सगळं हातात पडतं असंही नाही. मदत हेक्टरी ठरते, पंचनामा लागतो, यादीत नाव आल्यावर मिळणारा व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, घेऊन अनेकांना आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी करावी लागते. आयुष्यभर खुरपं धरलेल्या म्हातारीच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, आणि ती पुन्हा पुन्हा अंगठा पुसून ठेवत राहते. बटईनं रान करणाऱ्याचं तर सातबाऱ्यावर नावच नसतं. बियाणं त्याचं, खत त्याचं, घाम त्याचा. नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात. तुमचे-आमचे पाचशे रुपये खरे कामाला येतात ते इथं.

शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीचंही असंच आहे. २००६ पासून रक्कम तीच, आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हा समिती ठरवते: जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज अधिकृत संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. खासगी उसनवारीत बुडालेला माणूस गेला तर त्याची बायको अपात्र. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये मराठवाड्यात अशा कुटुंबांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश द्यायला सुरुवात केली आणि त्यातून ‘नाम’ ही संस्था उभी राहिली, तेव्हा लोकांनी आपणहून कोट्यवधी रुपये जमा केले. ते पैसे मोलाचे होतेच. पण अपात्र ठरलेल्या बाईला देणगी मिळाली म्हणून तिचा हक्काचा दावा सोडून द्यायचा नसतो. सरकारी मदत नाकारली तर दाद मागता येते, माहिती अधिकारात कारण विचारता येतं. देणगीदारानं पुढच्या वर्षी दिलं नाही, तर कुणाला काही विचारता येत नाही.

लातूरला ११ एप्रिल २०१६ हा दिवस लक्षात ठेवावासा आहे. त्या दिवशी मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. त्याच ११ एप्रिलला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. रेल्वे सरकारची होती. टाकीच्या वाघिणी आणि मिरजेतली पाणी भरण्याची सोय लोकवर्गणीतून उभी राहणं शक्य नव्हतं. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून साई ते नागझरी मांजरेचं पात्र खोल करायला घेतलं. आज ती वर्गणी फोनवरून अर्ध्या दिवसात जमेल. रेल्वे मात्र अजूनही सरकारलाच सोडावी लागेल.

‘परदेशातून कुणीही कुणालाही पैसे पाठवू शकतं’

इथं सगळं पासपोर्टवर येऊन थांबतं. भाचा टोरोंटोत राहतो पण पासपोर्ट भारताचा आहे, आणि तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं संस्थेला पैसे देतो, तर कायद्याच्या भाषेत ती विदेशी देणगी नाही. त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की तो ‘विदेशी स्रोत’ होतो, भले घरी अजून मुखेडची मराठी बोलत असो. मग त्याचे पैसे फक्त विदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी झालेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच घेता येतात, आणि तेही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. स्वतःच्या मामाला घरखर्चाला पाठवायला मात्र त्याला ही आडकाठी नाही.

२०२० च्या दुरुस्तीनं आणखी एक बदल केला, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. अशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मुंबई-पुण्यातली मोठी संस्था परदेशी निधी घेई आणि त्यातला वाटा तालुक्याच्या गावातल्या छोट्या संस्थेला देई. ती वाट बंद झाली. इंग्रजी अहवाल लिहिणारा माणूस नाही, पण कोणत्या तांड्यावर कोण उपाशी आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्या संस्थांना याचा फटका बसला.

परदेशी सरकारांच्या देणग्यांचा काळ तर केव्हाच सरला. ब्रिटननं भारताला द्यायची पारंपरिक आर्थिक मदत २०१५ मध्ये थांबवली. केरळच्या २०१८ च्या पुरात परदेशी सरकारांनी देऊ केलेला पैसा केंद्रानं घेतला नाही. व्यक्तींनी दिलेला मात्र आला. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला २०२५ मध्ये विदेशी देणगी घेण्याची परवानगी मिळाली, आणि अशी परवानगी मिळालेला हा देशातला पहिला राज्य निधी. बऱ्याच जणांना हा निधी म्हणजे सरकारी तिजोरी वाटते. तो लोकांच्या ऐच्छिक देणग्यांतून चालतो. अर्थसंकल्पातला पैसा वेगळा.

‘दिले म्हणजे सगळे पोचले, आणि करातही सूट मिळाली’

काही ऑनलाइन मंच ठरावीक टक्का कापतात, काही ‘टिप’ मागतात. टिपेचा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. तो बदलून शून्य करता येतो. एखाद्या रुग्णाच्या खात्यात थेट दिलेल्या पैशावर करात सूट नसते, ती मान्यताप्राप्त संस्थेला किंवा निधीलाच. दोन हजारांवरची रोख देणगीही त्यात बसत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सूटच नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तपासता येते, लेखापरीक्षणाचा अहवाल मागता येतो. जी संस्था तो दाखवायला कां-कू करते, तिला मी एक रुपयाही देणार नाही.

पुराच्या दिवसांत फिरणारा क्यूआर कोड स्कॅन केला की रक्कम भरण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. संस्थेच्या नावाऐवजी अनोळखी व्यक्तीचं नाव आलं तर तिथंच थांबून संस्थेच्या कार्यालयात फोन करावा आणि खाते क्रमांक विचारून घ्यावा.