रंगपंचमीचा रंग घरी का करावा
घरच्या वस्तू, घरच्या कृती : लेखांक ६

फाल्गुन वद्य पंचमीला इंदुरात टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर अशा ठिकाणांहून गेरी, म्हणजे रंगाच्या मिरवणुका, निघतात. टँकरमधून पाण्याचे फवारे उडतात, यंत्रं गुलाल चार मजले वर फेकतात आणि दुपारपर्यंत राजवाड्याभोवतीचा माणूस माणसाला ओळखेनासा होतो. उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी रंग धुळवडीलाच आटोपतो. माळव्यात मात्र होळकरांच्या काळापासून चालत आलेल्या वहिवाटीप्रमाणे खरा रंग पंचमीचा. याचा एक फायदा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : होळी पेटल्यानंतर इथल्या घरांना रंग करायला चांगले तीन-चार दिवस मिळतात. मागच्या लेखांकात रिठा आणि शिकेकाई पाहिली. या आठवड्यात हळद, बीट आणि पळस. पण कृतीकडे वळण्याआधी एक वाद मिटवायला हवा. घरचा रंग का करावा, याचं नेहमीचं उत्तर असं की तो नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी. हे उत्तर कच्चं आहे आणि पहिल्याच उलटतपासणीत ते कोसळतं. पक्कं कारण दुसरं आहे. घरच्या रंगात काय घातलं, किती घातलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे करणाऱ्याला ठाऊक असतं. बिघडलंच तर कुठे बिघडलं तेही शोधता येतं.

हळदीपासून सुरुवात करू, कारण हे म्हणणं पारखायला तिच्याइतकी सोयीची वस्तू घरात दुसरी नाही. सदऱ्यावर वरण सांडलं आणि डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घराने पाहिलेलं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि साबण, खायचा सोडा, चुना अशा अल्कधर्मी पदार्थांच्या संगतीत तांबडं होतं. म्हणून हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घातली की पिवळ्यापासून शेंदरी, शेंदरीपासून विटकरी अशा छटा डोळ्यांसमोर उतरतात, आणि त्याच पाण्यात लिंबू पिळलं की रंग मुकाट्याने पिवळ्यावर परततो. आता याच्या शेजारी कुंकू ठेवून पाहा. जुन्या पद्धतीच्या कुंकवात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं केम ज्यासाठी प्रसिद्ध आहे त्या पदार्थात, हळकुंडाबरोबर टाकणखार असतो आणि लिंबाचा रसही असतो. लिंबाने हळद पिवळी व्हायची, तर मग कुंकू लाल कसं? टाकणखारात बोरॉन असतं आणि आम्लाच्या सोबतीने ते कर्क्युमिनशी बांधलं जाऊन एक निराळंच तांबडं संयुग तयार होतं. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात तो यामुळेच. चुन्याने आलेला लाल लिंबाने जातो, टाकणखाराने आलेला लिंबाने जात नाही. उलट त्याला चुना किंवा सोडा दाखवला तर तो काळपट हिरव्याकडे झुकतो. दोन लाल दिसायला सारखे, स्वभावाने वेगळे, आणि हा फरक एका लिंबाच्या फोडीने घरच्या वाटीत सिद्ध करता येतो. कुंकू करणाऱ्यांनी हे सूत्र कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. प्रमाण चुकलं की माल फसतो, एवढी शिस्त त्यांना पुरली.

बिटाचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्यातला रंग पाण्यात सहज उतरतो, आंबटात टिकतो, उष्णतेने मात्र तपकिरी पडतो आणि तीव्र अल्कात पिवळा होतो. म्हणजे जी निवळी हळदीला तांबडं करते तीच जास्त पडली तर बिटाला पिवळं करते. हे माहीत नसल्यामुळे किती तरी घरांतला गुलाबी रंग मातकट होतो आणि दोष बिटावर येतो. कृती अशी : बीट किसून रस गाळून घ्यावा, उकळू नये. त्यात अर्ध्या लिंबाचा रस घालावा, मग आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर घालून पुरणाइतकं घट्ट भिजवावं. ताटात पातळ पसरून सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवावं आणि मिक्सरमधून फिरवून वस्त्रगाळ करावं. अर्धवट ओलं डब्यात भरलं तर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पंचमीसाठी हे काम धुळवडीच्या दिवशीच लावलेलं बरं. पळस त्याहून सोपा. फाल्गुनात इंदूरहून सिमरोळ-चोरलच्या बाजूला गेलं की पानं झडलेली झाडं केशरी झालेली दिसतात. खाली पडलेली फुलं वेचावीत, रात्रभर पाण्यात ठेवावीत, सकाळी त्याच पाण्यात उकळावीत. रंग पिवळसर केशरी येतो. चमचाभर निवळीने तो गडद होतो. व्रजात टेसूच्या, म्हणजे पळसाच्याच, रंगाला चुना लावतात तो याच हिशेबाने.

आता ‘नैसर्गिक’ या दाव्याचा समाचार घेऊ. चुना खडकातून येतो, पण त्याचा खडा डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. म्हणून वरच्या कृतींत निवळी म्हटलं आहे, चुना नव्हे, आणि तीही चमच्याने. टाकणखार खनिज आहे, पण पोटात गेला तर बाधतो. म्हणून वरचा कुंकवाचा प्रयोग वाटीतच ठेवावा, मुलांच्या तोंडावर उडणाऱ्या रंगात टाकणखार नको. सगळ्यात साधं, रोज खाल्लं जाणारं पीठसुद्धा निर्दोष नाही. २७ जून २०१५ रोजी तैवानमधल्या एका जलक्रीडा उद्यानात रंगीत पावडर उधळण्याचा कार्यक्रम चालू होता. पावडर मक्याच्या पिठीची होती. हवेत तिचा दाट ढग झाला, त्याने पेट घेतला, १५ जण दगावले आणि सुमारे ५०० भाजले. धान्याची बारीक भुकटी हवेत पसरली की ज्वालाग्राही होते, हे गिरणीवाल्यांना ठाऊक असतं. रंग उधळणाऱ्यांना सहसा नसतं. तेव्हा घरचा गुलाल गॅसजवळ, निरांजनाजवळ किंवा बंद खोलीत उधळू नये, हे कृतीचाच भाग म्हणून लिहायला हवं. पदार्थ कुठून आला यावरून त्याचा उपद्रव ठरत नाही. तो काय आहे, किती आहे आणि कुठे वापरला यावरून ठरतो.

मग बाजारचा रंग आणि घरचा रंग सारखेच धोक्याचे, असा याचा अर्थ कोणी काढेल. तसा तो निघत नाही. घरच्या रंगाचे धोके वर चार ओळींत लिहून झाले, कारण घटक माहीत आहेत. सुट्या गुलालाच्या पुडीबद्दल तेवढ्या चार ओळीही लिहिता येत नाहीत, कारण बहुतेक वेळा तिच्यावर घटक छापलेलेच नसतात आणि ‘हर्बल’ हा शब्द छापायला शाई तेवढी लागते. गुलालाच्या भावंडाचं उदाहरण पाहा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासले. ते न्यू जर्सीतल्या आणि मुंबई-दिल्लीतल्या दुकानांतून घेतलेले होते. अमेरिकेतल्या ८३ टक्के आणि भारतातल्या ७८ टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला किमान एक मायक्रोग्रॅम शिसं निघालं, आणि मोजक्या नमुन्यांत त्याच्या हजारो पट. दिसायला सगळे लालच होते. लिंबाच्या फोडीने हा फरक कळणार नव्हता, त्याला प्रयोगशाळाच लागली.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो : घरच्या रंगातली हळद तरी घरची कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळत असत. २०१९ च्या पाहणीत बाजारातले ४७ टक्के नमुने असे निघाले. सरकारने छापे घातले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. आपल्याकडेही पाटण्याच्या बाजारातल्या हळदीत शिशाचं प्रमाण भरपूर आढळलेलं आहे. अशी हळद घरच्या वाटीत पडली म्हणून शुद्ध होत नाही. पण मग हाच प्रश्न रोजच्या वरणालाही विचारायला हवा, कारण रंग वर्षातून एकदा अंगाला लागतो आणि हळद दोन वेळा पोटात जाते. घरी रंग करायला बसलेला माणूस ‘ही हळद कुठून आली’ असं विचारू लागला, तर तो प्रश्न मसाल्याच्या डब्यापर्यंत जातो, आणि तिथेच तो आधी जायला हवा होता. शंका असेल त्यांनी पंचमीपुरती हळद वगळावी. पळस आणि बीट यांच्या बाबतीत झाडापासून किंवा भाजीवाल्यापासून वाटीपर्यंतची साखळी इतकी आखूड आहे की मध्ये भेसळीला फारसा वावच उरत नाही.

दुसरा आक्षेप कामाचा. ‘घरगुती’ म्हटलं की ते काम न बोलता घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं, आणि पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी तिनेच बिटं किसत बसावं ही अपेक्षा अन्यायाचीच आहे. या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देण्यात अर्थ नाही. ज्यांना रंग खेळायचा आहे त्यांनी किसणी हातात घ्यावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला न जमण्यासारखं यात काही नाही, फक्त निवळी आणि उकळतं पाणी मोठ्यांनी सांभाळावं.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा : अशा वाट्यांनी गेर रंगेल काय? नाही रंगणार, आणि रंगवण्याचा आग्रहही नाही. गेरीला लागणारा गुलाल पोत्यांत मोजतात, तो घरच्या ताटात वाळवणं वेडेपणाचं आहे. गेरीसाठी मागणी करायची ती वेगळी, की पोत्यावर घटक लिहिलेले असावेत. घरचा रंग अंगणापुरता, लहान मुलांपुरता, म्हाताऱ्यांच्या कपाळापुरता. तो फिका असतो अशीही तक्रार होते. हळद उन्हात विटते, बीट पाण्याने जातं, हे खरं. पण ज्या शहरात प्यायचं पाणी जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर उपसून आणावं लागतं, तिथे दोन बादल्यांत निघणारा रंग उणा कसा ठरतो, हे कळणं कठीण आहे.

आणि हे सगळं नव्याने शोधायची गरजही नाही. इंदूरजवळच्या सनावदिया गावी जिमी मॅकगिलिगन केंद्रात पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन होळीआधी पळसासारख्या वनस्पतींचे रंग करायला शिकवत आल्या आहेत. कृती ऐकण्यापेक्षा पाहून लवकर येते. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तिथे जावं. रंग गाळून उरलेला पळसाचा आणि बिटाचा चोथा ओल्या कचऱ्यात टाकावा, तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. निवळीखाली बसलेला चुना मात्र त्यात टाकू नये. तो वाळवून ठेवला तर कुंडीच्या कडेला ओढायला कामी येतो. पुढच्या लेखांकात आरारूट आणि मैद्याची खळ.